पारोसा झारा

“पुसायचं, बाई. धुवायचं नाही. आणि हाताला कोरडं लागलं म्हणजे ते कोरडं झालं, असं समजायचं नाही.”

गोविंदभाऊंचा हा आवाज सहा वर्षं नवसाबाईच्या कानात होता. घरी तवा घासायला घेतला तरी तो ऐकू यायचा आणि ती आपल्याशीच हसायची. आताही ऐकू येतो. पण आता हातातलं भांडं तसंच नळाखाली राहतं आणि पाणी वाहून जातं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, मोठ्या कारखान्यांच्या पाठीमागच्या गल्लीत त्यांचं काम चालायचं. लांबट पत्र्याची शेड, पुढे ऑफिसच्या दोन खोल्या, मागे एक नळ आणि शेवग्याचं झाड. माणसं सगळी मिळून चौदा. तिथे मिठातून धातू काढत, बॅटरीत घालतात तो लिथियम. पांढरं मीठ मोठ्या लोखंडी कुंडात वितळवायचं, इतकं तापवायचं की पाण्यासारखं पातळ व्हावं, आणि मग त्यात वीज सोडायची. विजेनं मिठाची फाळणी होते. एका बाजूनं विषारी पिवळट वायू निघतो, तो नळीतून ओढून चुन्याच्या पाण्यात मुरवतात. दुसऱ्या बाजूला धातू सुटतो आणि दुधावर साय धरावी तसा वर तरंगत राहतो, चांदीसारखा. ती साय काढायला लांब दांड्याचा जाळीदार झारा. भजी काढताना तेल निथळतं तसं मीठ जाळीतून खाली गळतं आणि धातू गोळा होऊन जाळीवर थांबतो.

“हा धातू जगात एकटा कुठंच सापडत नाही,” गोविंदभाऊ कुणी नवं माणूस आलं की सांगायचे. “ज्याच्या त्याच्या गळ्यात पडलेला असतो. आपलं काम काय, तर ह्याचा काडीमोड करून द्यायचा.”

“मंग लय पापाचं काम हाय की वो,” नवसाबाईबरोबर काम करणारी सखुबाई म्हणायची.

“पाप कसलं, सखुबाई! पाणी दिसलं की हा पुन्हा बोहल्यावर उभा. फक्त ह्याच्या लग्नात मांडवच पेटतो.”

म्हणून कुंडाच्या खोलीला उंबऱ्यापासून चार हातांवर तांबडी रेघ मारलेली होती. रेघेच्या आत पाणी न्यायचं नाही. प्यायचा तांब्या नाही, ओलं फडकं नाही, पावसात भिजलेली चप्पल नाही. गोविंदभाऊंचे वडील देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. शिस्त त्या घरातच मुरलेली. त्यांनी रेघ मारली म्हणजे ती मालकालाही लागू.

नवसाबाई नांदगावकडची. नवरा गेल्यावर शहरात आली, पन्नाशीला टेकली होती. तिचं काम मीठ भाजायचं. ते मीठ घरच्या मिठासारखं नव्हे. उघडं ठेवलं तर चहा उकळेपर्यंत त्याला पाणी सुटायचं. ते थाळ्यांत पसरून भट्टीत सरकवायचं, पुन्हा पुन्हा हलवायचं आणि गरम असतानाच डब्यात भरून झाकण दाबायचं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, “भाऊ, कोरडं म्हणजे नेमकं कसं कोरडं? आमच्यात तर कालवणालाच कोरड्यास म्हणत्यात.”

गोविंदभाऊ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “मग तुमच्या गावाकडं हा कारखाना काढायला नको. पहिल्याच जेवणात गाव उडेल.”

त्यांचं आणखी एक जमलं होतं. कुंडाच्या खोलीतलं घड्याळ त्या वायूनं गंजून केव्हाच बंद पडलं होतं. नवसाबाईच्या कमरेला पिशवीत तुळशीची माळ असायची. हात रिकामा झाला की ती जप करायची. झारा कुंडात बुडवण्याआधी कडेवर ठेवून चांगला शेकून घ्यावा लागतो, त्यावर दमटपणाचा अंशही राहू नये म्हणून. गोविंदभाऊ झारा कडेला टेकवायचे आणि दारातूनच विचारायचे, “बाई, माळ सुरू?” ती मान हलवायची. एकशेआठ मणी संपले की म्हणायची, “झाली.” मग झारा आत. पुढे सगळेच म्हणू लागले, झारा एक माळ शेकायचा. सुट्टीवर असली की नवसाबाईच्या जागी सखुबाई माळ ओढायची, पण गोविंदभाऊ तिला म्हणायचे, “तुमचा देव घाईत असतो. अजून अर्धी ओढा.”

खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. गोविंदभाऊ स्वतः दोन्ही झारे, चिमटे, सळया कोरड्या फडक्यानं पुसून पाटावर मांडायचे. त्यांच्यावर काजळी तशीच. गंध लावायचं तेही कोरड्या हळदीचं बोट टेकवायचं, कालवलेलं नाही. फुलं वाहायची, नारळ गेटाबाहेर फोडायचा. नवसाबाई निमूट करायची, पण मनात काटा असायचा. घरात ती आंघोळ झाल्याशिवाय चुलीला हात लावत नव्हती, आणि इथे देवापुढे मांडलेलं हत्यार न धुतलेलं, पारोसं.

या वर्षी भाद्रपदापासूनच कुजबूज सुरू झाली. माल घेणाऱ्यानं हात आखडता घेतलाय, दिवाळीनंतर शेड विकायची आहे. बायका डबे उघडून बसल्या की दुसरा विषय नाही.

“दरसाली पारोशी पूजा करतोय आपण,” सखुबाई म्हणाली. “देव कसा काय पावंल? तूच सांग, तू एवढी उपास-तापासाची.”

नवसाबाईनं डब्याचं झाकण लावलं. पण ते तिच्या मनात जाऊन बसलं.

नवमीला सकाळी गोविंदभाऊ मुलीच्या, आभाच्या, कॉलेजात गेले होते, दुपारी येणार होते. झारे नुकतेच कुंडावरून काढून ठेवलेले, अजून गरम. नवसाबाईनं ते उचलून मागच्या नळावर नेले. बादली भरली. हात थांबला. पुसायचं, बाई. धुवायचं नाही. तिनं शेवग्याकडे पाहिलं, वर आभाळ निळंभोर होतं, ऊन कडक होतं. एक दिवस, देवासाठी. दिवसभर वाळतील. तिनं दांडे खाली करून दोन्ही झारे बादलीत बुडवले. चर्र झालं. मग कुणी हळूच सुस्कारा टाकावा तसा एक बारीक आवाज आला आणि बंद झाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. राखेनं घासले, धुतले, पत्र्यावर उन्हात ठेवले. दुपारी हात लावून पाहिला तर चटका बसला.

पाटावर ते असे चमकत होते की सखुबाईनं कानशिलावर बोटं मोडली. गंध कालवून लावलं, झेंडू वाहिला. गोविंदभाऊ आले, वाकून नमस्कार केला आणि झाऱ्याकडे पाहत म्हणाले, “काय नवसाबाई, आज चकाकतायत?”

“पुसलं जरा जोरात,” ती म्हणाली.

सणाच्या दिवशी, देवासमोर. एवढं एकच वाक्य.

दसऱ्याला धातू काढत नसत, कुंड नुसतं तापतं ठेवायचं. एकादशीला काम सुरू झालं. तिचा उपास होता. गोविंदभाऊंनी झारा कडेवर टेकवला, दांडा बाहेर खाली कललेला, नेहमीसारखा. “बाई, माळ सुरू?” तिनं माळ ओढली. मन थोडं खात होतं म्हणून मेरुमणी आल्यावर उलट फिरून आणखी अकरा मणी ओढले. मगच म्हणाली, “झाली.”

गोविंदभाऊंनी दांडा उचलला, झारा आत बुडवला आणि बार झाला.

पांढरा उजेड, त्यात लाल. वितळलेलं मीठ उसळून छातीवर, हातांवर, गळ्यावर. जमिनीवर धातूचे पेटते गोळे. नवसाबाईला काही कळलं नाही, ती रेघेबाहेरचा माठ उचलून आत धावली. आणि ते जळत असलेले गोविंदभाऊ ओरडले, “पाणी नको! बाई, पाणी नको! मीठ ओता, मीठ!” तिनं माठ टाकला, भट्टीतली थाळी ओढली, हात पोळले ते तिला नंतर कळलं. भाजलेलं मीठ तिनं त्या गोळ्यांवर उपडं केलं. आग विझली. मग मॅनेजर प्रफुल्लसाहेब आणि बाकीचे आत आले.

त्या संध्याकाळी तिनं देवापुढे बसून व्रत धरलं. गोविंदभाऊ पायांवर घरी येईपर्यंत मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. दुसरं काही द्यायला तिच्याकडे नव्हतं.

दवाखान्यात आत एकेकाच माणसाला सोडत. पाचव्या दिवशी गोविंदभाऊंच्या बायकोनं, शैलाताईंनी, बाहेर येऊन सांगितलं, “नवसाबाई, तुम्हाला बोलावतायत.” ती आत गेली. पट्ट्यांतून डोळे आणि ओठ तेवढे दिसत होते.

“पाणी,” ते म्हणाले.

नर्सनं कापूस भिजवून ओठांना लावला. जास्त द्यायचं नव्हतं. गोविंदभाऊंनी ओठ मिटून तो ओलावा आत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं वाटलं. “बघा… आता मागतोय.”

“बोलू नका, भाऊ.”

“लोक म्हणतील, घाई केली. साहेब काल विचारून गेले. आभाला सांगा. झारा शेकला होता. एक माळ.”

“पुरी एक माळ. वर अकरा मणी,” ती म्हणाली. “सांगते, भाऊ. माझ्या माळेची आण.”

तिनं आण घेतली तेव्हा धुण्याची गोष्ट तिच्या मनात नव्हती असं नाही. होती. पण ती स्वतःला समजावत होती की दोन दिवस वाळलेलं, वर एक माळ शेकलेलं, त्यात पाणी कुठून राहणार? दुसरंच काही असेल. विजेचं काही.

नवव्या दिवशी गोविंदभाऊ गेले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आभा कारखान्यात आली. वडिलांचा डबा, चष्म्याचं घर आणि जुन्या चपला न्यायच्या होत्या. बापासारखीच उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. “बाबांचा धातू” कसा वेगळा होतो ते वहीत काढून तिनं एकदा नवसाबाईला दाखवलंही होतं. ऑफिसात तिला डब्याबरोबर एक कागदही मिळाला. ती तो वाचतच गेटापर्यंत आली. नवसाबाई तिथे उभी होती.

“मावशी, ह्यात लिहिलंय, कर्मचाऱ्यानं साधन न तापवताच बुडवलं. बाबा असं करतील?”

“नाय गं. नाय करणार.”

“मला पण खरं वाटत नाही. घरी चहाचं पातेलंसुद्धा ओलं चढवू देत नव्हते. सवय म्हणायचे.” तिनं पुन्हा कागदाकडे पाहिलं. “पण मावशी, झारा तापवला असेल तर मग पाणी आलं कुठून? पाण्याशिवाय असा स्फोट होतच नाही. मी किती वेळा विचार केला, पुन्हा तिथंच येऊन थांबते. आई म्हणते, माणूस कधीतरी चुकतो. बहुतेक खरंच चुकले असतील.”

आभानं कागदाची घडी केली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. “दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेज सोडतेय,” ती जाता जाता म्हणाली. “ती प्रयोगशाळा बघवत नाही.”

ती गेल्यावर नवसाबाई कुंडाच्या खोलीत गेली. आता तिथे कुणी जात नव्हतं. अपघातानंतर चौकशीवाल्यांनी वीज बंद ठेवली होती. सहा वर्षं ज्या कुंडाला गोविंदभाऊंनी एक दिवस गोठू दिलं नव्हतं, ते गोठलं होतं आणि गोठताना तडकलं होतं. वरचं मीठ हवेतला ओलावा पिऊन पाघळत होतं. कडेवरून ओघळ आले होते, तांबड्या रेघेपाशी खारट पाण्याचं थारोळं साचलं होतं. आपण इतकी वर्षं थाळ्या हलवून हलवून जे राखलं, ते तिच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन चाललं होतं.

दुसरा झारा भिंतीवरच्या खिळ्याला तसाच लटकत होता. त्याच्यावर नवमीचं गंध वाळून गेलेलं, एक झेंडूची पाकळी चिकटलेली. त्या दिवशी दोन्ही एकाच बादलीत बुडले होते. तिनं तो खाली काढला. जाळी पाहिली, कोरडी ठणठणीत. दांडा चाचपला, कोरडा. मग तिनं तो आडवा करून कानाशी धरला आणि हळूच कलवला.

खळ.

तिनं पुन्हा कलवला. आतलं पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं.

प्रफुल्लसाहेब ऑफिसात कपाटं रिकामी करत होते. मॅनेजर असले तरी पस्तिशीचेच, गेल्या महिन्यात केस पांढरे झाल्यासारखे दिसत होते. नवसाबाईनं झारा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बादली, ऊन, आणि “पुसलं जरा जोरात”. त्यांनी झारा उचलून कलवून ऐकला. मग दांड्याच्या शेवटच्या कडीजवळचं वेल्डिंग खिडकीशी नेऊन पाहिलं.

“सुईएवढं भोक आहे,” ते म्हणाले. “तुम्ही गरम दांडा पाण्यात घातलात. गार होताना पोकळ दांडा पाणी आत ओढतो. आणि एवढ्याशा भोकातून ते परत बाहेर येत नाही, महिनाभर उन्हात ठेवलं तरी. शेकताना दांडा खाली कललेला, त्यामुळे पाणी गार टोकाला बसून राहिलं. त्यांनी दांडा उचलला, आणि ते धावत तापलेल्या टोकाला आलं.”

“म्हंजी माळ पुरी होऊन बी काय उपेग नव्हता.”

“दोन माळा ओढल्या असत्या तरी.”

ती खाली बसली. साहेबांनी दार लोटून घेतलं.

“बाई, पूर्वी दांडे भरीव होते. जड पडतात म्हणून मी पोकळ करून घेतले. गोविंदभाऊ म्हणाले होते, साहेब, पोकळ वस्तूवर माझा भरवसा नाही. मी हसलो होतो.” त्यांनी झारा परत टेबलावर ठेवला. “अहवाल मीच लिहिलाय. गेला वर. आता हे लिहायचं तर आधी माझं नाव येतं, मग तुमचं.”

“माझं येऊ द्या.”

“येऊन काय होणार? कुंड फुटलं, शेड विकली गेली, या महिनाअखेर कुलूप. गोविंदभाऊ येणारेत का?”

“त्यांच्या पोरीला सांगायचंय, साहेब. मी आण घेतलीय.”

“काय सांगणार? बापानं झारा शेकला होता. मग ती विचारेल, पाणी कुठून आलं.”

“इचारलं तिनं.”

प्रफुल्लसाहेबांनी डोळे चोळले. आवाज खाली आला. “ऐका माझं. बाप चुकला असं समजून ती रडेल आणि सावरेल. पण तुमच्या हातून झालं असं कळलं, तर तिला जन्मभर कुणाचा तरी राग करत बसावं लागेल. मी तिच्याच भल्याचं सांगतोय. हा झारा भंगारात टाका. तुम्ही मला काही दाखवलं नाही, मी काही पाहिलं नाही.”

तो माणूस वाईट नव्हता. तो बोलत होता त्यात खोटं काय, ते नवसाबाईला शोधूनही सापडेना. तिनं झारा उचलला. भंगाराच्या ढिगापाशी आली, थोडा वेळ उभी राहिली आणि मग तो जुन्या पातळात गुंडाळून घरी घेऊन गेली. गेटावर अडवायला कुणी नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस तो झारा तिच्या खोलीत देवाच्या फळीखाली उभा होता. ती जपाला बसली की माळ नवव्या-दहाव्या मण्यावर अडायची. एक माळ म्हणजे किती, तेच तिला समजेनासं झालं होतं. इतकी वर्षं ज्या मापानं माणसं विश्वासानं हत्यार बुडवत होती, ते माप तिच्याच बोटांत पोकळ निघालं होतं.

सखुबाई शेजारच्याच खोलीत राहायची. संध्याकाळी वाटीत वांग्याचं भरीत घेऊन आली. “घे. आणि आता अळणी बास कर, बये. ज्याच्यासाठी धरलं तो माणूसच ऱ्हायला नाय. व्रत बी फिटलं अन् सगळंच फिटलं.”

“तो घरी येईपतुर म्हणलं होतं मी.”

“मग? आता कवा येनार तो?”

“तेच की.”

सखुबाईनं वाटी खाली ठेवली. झाऱ्याकडे पाहिलं, नजर काढून घेतली. दवाखान्यातली आण आणि दांड्यातलं पाणी, नवसाबाईनं तिला सगळं सांगितलं होतं. तिलाही माहीत होतं, पारोशी पूजा हा शब्द आधी कुणाच्या तोंडून निघाला. “ऐक, अर्धं सांग. पोरीला म्हणावं, तुझ्या बापानं झारा शेकला होता, मी सोता पायलंय. तुझी आण फिटली. पुढं ती काय इचारंल त्याला म्हण, मला अडाणीला काय ठावं.”

नवसाबाईनं त्याचाही विचार केला. रात्र आली गेली. अर्धं सांगितलं तर आण फिटते, शब्दाला शब्द मोजला तर. पण “पुसलं जरा जोरात” हेही अर्धंच होतं. धुतलं म्हणाली असती तर गोविंदभाऊंनी झारा उचलून कानाशी धरला असता. ते तसे होतेच. पुरं खरं सांगून काय होणार, तेही तिला दिसत होतं. आभा ओरडेल, किंवा ओरडणारही नाही, नुसती बघत राहील. शैलाताई दार लावून घेतील. कॉलेज सोडायचं म्हणणारी पोर तेवढ्यानं थांबेल असंही काही नाही. कुणाचंच काही परत येणार नव्हतं. तिच्या पदरात पडणार होतं ते एकच, की ज्या घरी सणाला तिच्यासाठी ताट वाढलं जायचं तिथे तिचं नावही कुणी घेणार नाही.

तरी सकाळी तिनं आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं. भाकरी अळणी, बरोबर काही नाही. दोन घास खाल्ले, पाणी प्यायली. मग झारा मांडीवर घेतला. दांड्यावर नवमीचं गंध अजून होतं. सवयीनं तिचा हात तांब्याकडे गेला आणि मागे आला. तिनं दांडीवरचं कोरडं फडकं ओढलं आणि गंध, पाकळी, धूळ पुसत बसली. सावकाश पुसलं. कडीजवळच्या भोकापाशी फडकं नेलं नाही. आतलं पाणी हलू नये म्हणून झारा उभा धरून पातळात गुंडाळला.

माळ तिनं देवापाशीच ठेवली.

खोलीला कुलूप लावत असताना सखुबाई दारात आली. हातात केरसुणी तशीच.

“सक्काळी सक्काळी कुठं?”

“देवळालीला. आभाकडं.”

सखुबाई त्या गुंडाळीकडे बघत राहिली. “मी येऊ का संगं?” तिनं विचारलं, पण पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं नाही.

“नको. मी येते जाऊन,” नवसाबाई म्हणाली, आणि झारा लेकरासारखा खांद्याशी धरून पाथर्डी फाट्याच्या दिशेनं चालू लागली. तिथून कॅम्पाची रिक्षा मिळते. पाय टाकला की कानाशी आत खळ वाजायचं, म्हणून ती जरा हळूच चालत होती.